साडेतीन महिने पाळी नाही, रिपोर्टवर पीसीओडी आलंय. वजन अजून कमी करू का?

काळाचौकीची | १२ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार. वय २३, लग्न झालेलं नाही, लोअर परळला अकाउंट्समध्ये नोकरी. शेवटची पाळी २७ डिसेंबरला आली. आज मोजले तर १०६ दिवस झाले.

आमच्या घरी सगळा हिशेब कालनिर्णयवर असतो. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, आणि माझ्या पाळीसाठी आईने लाल पेनाने दिलेला बारीक ठिपका. ठिपकाच, कारण चाळीत कुणी ना कुणी एकादशी कधी आहे ते बघायला येतंच, त्यांना कळू नये. मार्चचं पान उलटताना आई थांबली. म्हणाली, "ठिपका द्यायचा राहिला का गं?" मी म्हटलं, हो, राहिला असेल. आता एप्रिलपण कोराच आहे आणि आई काही बोलत नाही. तिचं न बोलणं जास्त जड जातंय. तिच्या मनात काय येतंय ते मला कळतं. तसलं काही नाही, पण ते आपणहून कसं सांगायचं?

आधी माझी पाळी २९-३१ दिवसांनी यायची. डिसेंबरात मावसबहिणीच्या लग्नात देवक बसवायच्या दिवशी अडचण नको म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून पाच दिवस घेतल्या. थांबवल्यावर तीन दिवसांनी, म्हणजे २७ला आली. ती शेवटचीच. या गोळ्यांमुळेच बिघडलं का?

दिवाळीनंतर मी वजन उतरवायचं मनावर घेतलं. तेव्हा ६१ किलो होते, आता ५० (उंची पाच फूट तीन इंच). सकाळी फक्त काळी कॉफी, दुपारी दोनला डबा, त्यात भाजी आणि काकडी, रात्री आठच्या आत थोडं काहीतरी. संध्याकाळी तासभर जिम. शिवाय ऑफिसला जाता-येता शेअर टॅक्सी सोडून करी रोडच्या पुलावरून चालत. सगळे म्हणतात छान बारीक झालीस.

मार्च एंडिंग संपल्यावर आईला न सांगता लॅबमध्ये सोनोग्राफी केली. रिपोर्टवर आलंय: बल्की ओव्हरीज, मल्टिपल स्मॉल पेरिफेरल फॉलिकल्स, पीसीओडी. जिममधल्या ट्रेनरला विचारलं तर म्हणाला पीसीओडीला एकच औषध, अजून चार-पाच किलो उतरव आणि भात-पोळी पूर्ण बंद कर. ऑफिसमधली मैत्रीणही तेच म्हणते, तिलाही पीसीओडी आहे.

तर प्रश्न असा की अजून वजन उतरवलं तर येईल का? किती दिवस वाट बघू?

---

आजोळची_वाट | १३ एप्रिल, सकाळी ७:१०

घाबरू नको गं. आमच्याकडे तीळ-गुळाचा लाडू, कच्ची पपई आणि ओव्याचं पाणी देतात. उष्ण पडतं, आठ दिवसांत येते. माझ्या नणंदेला आली होती. जागरणं कमी कर.

---

निवृत्त_सिस्टर | १३ एप्रिल, दुपारी ३:२५

मी एकतीस वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात नोकरी केली, त्यातली बरीचशी स्त्रीरोग विभागात. डॉक्टर नाही, तेव्हा निदान करणार नाही. पण तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं आणि मला ट्रेनरचा सल्ला अजिबात पटलेला नाही.

आधी एक सांग. रिपोर्टवर पीसीओडीच्या आधी प्रश्नचिन्ह आहे का? आणि "एंडोमेट्रियम" (गर्भाशयाचं अस्तर) किंवा "ईटी" (त्याची जाडी) असं लिहून पुढे मिलिमीटरमध्ये आकडा असेल, तो किती?

तोवर बाकीचं.

युरीन टेस्ट कर. "तसलं काही नाही" हे मला मान्य आहे, पण ओपीडीत पाळी चुकली म्हणून आलेल्या प्रत्येक बाईची पहिली तपासणी हीच असते, कॉलेजची पोर असो की नवरा दुबईला असलेली. तो तुझ्यावरचा संशय नव्हे. त्याशिवाय पुढची गोळी कुणी लिहूच शकत नाही. मेडिकलमध्ये कार्ड मिळतं, सकाळची पहिली लघवी घे.

गोळ्यांचं म्हणशील तर तू घेतल्यास त्या बहुधा नॉरएथिस्टेरॉनच्या. त्या चालू असेपर्यंत गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतात, थांबवल्या की दोन-तीन दिवसांत अस्तर सुटतं. तसं ते तुझं २७ला सुटलं. त्यांचा कारभार तिथेच संपला, तीन महिने पाळी अडवून धरण्याइतका त्यांच्यात दम नाही. (गौरी-गणपतीच्या आठवड्यात आमच्या ओपीडीत या गोळ्यांसाठी रांग लागायची. मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नयेत हे मात्र खरं. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल तर या गोळ्या चालत नाहीत, आणि मेडिकलवाला ते विचारत नाही.)

आजोळची वाट, रागावू नका. तिळाचा लाडू हिने जरूर खावा, माझ्या मते तर रोज दोन खावेत, पण पाळी येण्यासाठी नाही. कारण पुढे सांगते, आधी रिपोर्टमधल्या त्या दोन गोष्टी कळू देत.

---

काळाचौकीची | १३ एप्रिल, रात्री १०:५०

सिस्टर, रिपोर्ट पुन्हा काढून बघितला. हो, आधी प्रश्नचिन्ह आहे! "? पीसीओडी" असं. मी ते वाचलंच नव्हतं, टाइप करताना चुकून पडलं असेल असं समजले. आणि "ईटी ३.२ एमएम".

कार्ड आणलं. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायची हिंमत नव्हती, दादरला उतरून घेतलं. निगेटिव्ह.

---

निवृत्त_सिस्टर | १४ एप्रिल, सकाळी ११:००

त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ असा की सोनोग्राफी करणारा म्हणतोय, "मला चित्र असं दिसतंय, बाकीचं तुमच्या डॉक्टरांनी ठरवावं." नुसत्या चित्रावर पीसीओएस (पीसीओडीचंच दुसरं नाव) ठरत नाही. अनियमित पाळी एक, अंगावर-चेहऱ्यावर जाड केस, जास्त मुरमं किंवा रक्तात पुरुषी संप्रेरक वाढलेलं हे दुसरं, आणि सोनोग्राफी तिसरं. यातल्या दोन गोष्टी लागतात, आणि तेसुद्धा थायरॉइड, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक) वगैरे दुसरं कारण नाही हे बघितल्यावर. तुझ्या वयाच्या धडधाकट, महिन्याच्या महिन्याला पाळी येणाऱ्या कित्येक मुलींच्या बीजकोशात (ओव्हरीत) अशा बारीक गाठोळ्या दिसतात. त्या गाठी नसतात, थांबून राहिलेली बीजं असतात.

तू म्हणशील पाळी अनियमित आहे आणि चित्र आहे, झाली की दोन. कागदावर झाली. म्हणूनच अस्तराचा आकडा विचारला.

पाळीचं हुकूमपत्र निघतं मेंदूतून. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून भाग आहे, तो ठरावीक वेळाने पिट्यूटरी ग्रंथीला ठोका देतो. ती एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं सोडते, त्यावर बीजकोश इस्ट्रोजेन तयार करतो आणि इस्ट्रोजेनने अस्तर वाढतं. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन येतं, ते उतरलं की अस्तर गळतं, ती पाळी.

पीसीओएसमध्ये बहुधा बीज सुटत नाही पण इस्ट्रोजेन असतं, त्यामुळे अस्तर वाढतच राहतं. अशी बाई चार महिन्यांनी येते आणि मग धो-धो जातं. म्हणून त्यांना सांगतात, निदान तीन महिन्यांतून एकदा अस्तर गळायलाच हवं, वर्षानुवर्षं साचलं तर पुढे धोका. तुझं अस्तर साडेतीन महिन्यांत साचून जाड व्हायला हवं होतं. ते ३.२ आहे, म्हणजे पातळ. तुझ्याकडे गळायला काही तयारच झालेलं दिसत नाही.

पाच महिन्यांत ११ किलो, दिवसाला एक जेवण, वर तासभर जिम आणि दोन वेळची पायपीट. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. अशा वेळी हायपोथॅलॅमस ठोका मंद करतो. मेंदू, हृदय, फुप्फुसं चालू ठेवायची तर कुठेतरी काटकसर करणार, आणि सगळ्यात आधी गर्भाशयाचं बजेट कापलं जातं. हे हाडकुळ्या मुलींनाच होतं असं नाही. तुझं ५० किलो उंचीच्या मानाने काट्यावर ठीकच दिसेल, तरी होतं, कारण आवक किती आणि खर्च किती हे शरीर बघतं. तू अकाउंट्सवाली आहेस, तुला हे मी काय सांगू.

माझा अंदाज खरा असेल तर ट्रेनरचा सल्ला बरोबर उलटा आहे. पीसीओएस असलेल्या जाड बाईला पाच-सात किलो उतरवल्यावर पाळी येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्या मैत्रिणीला ते लागू असेलही. तुला तेच सांगणं म्हणजे बीपी कमी असलेल्याला शेजाऱ्याची बीपीची गोळी देणं.

थंडी वाजते का? केस गळतात? सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजून सांग, शरीर काटकसर करत असेल तर तीही मंद होते.

वाट बघू नकोस. नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही की डॉक्टर, हा साधा हिशेब. ज्यांची आधीपासूनच मागेपुढे होते त्यांनी सहा महिन्यांच्या पुढे जाऊ देऊ नये. आणि अठरा पूर्ण आहेत, केसपेपर स्वतःच्या नावाने काढ, आई बरोबर असलीच पाहिजे असं नाही. लग्न झालेलं नाही म्हटल्यावर सोनोग्राफी लघवी भरवून पोटावरूनच करतात, आतून तपासणी तुला विचारल्याशिवाय कुणी करू नये.

---

बदलापूरची | १४ एप्रिल, दुपारी १:१५

सिस्टरांनी प्रोलॅक्टिनचं नाव घेतलं म्हणून माझा किस्सा. २६ वर्षांची असताना माझी पाळी पाच महिने बंद झाली होती, आणि वर छातीतून दुधासारखं पाणी यायला लागलं. लग्न नाही, काही नाही. मी तर नेटवर वाचून मेंदूत गाठ आहे असं ठरवूनच टाकलं, रात्री झोप नाही.

प्रोलॅक्टिन खरंच वाढलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, रोज कुठली गोळी घेता? म्हटलं, कुठलीच नाही. त्या म्हणाल्या, पर्स उघडा. पर्समध्ये अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलची पट्टी. ६:०८ची लोकल पकडायची म्हणून मी पहाटे उपाशीपोटी दीड वर्ष रोज एक घेत होते, ती मला गोळीच वाटत नव्हती! त्यात डॉम्पेरिडॉन होतं. ते प्रोलॅक्टिन वाढवतं आणि वाढलेलं प्रोलॅक्टिन पाळी थांबवतं. डॉक्टरांनी ती बंद करून नुसती साधी दिली, दोन महिन्यांनी पाळी आली. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना पर्समधल्या सगळ्या पट्ट्या घेऊन जा. मानसोपचाराच्या काही गोळ्यांनीही असं होतं म्हणे, पण त्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून.

---

दोन_मुलींची_आई | १४ एप्रिल, संध्याकाळी ६:४०

मध्येच विचारते, माफ करा. माझी मोठी १३ वर्षांची. मागच्या जूनमध्ये सुरू झाली. कधी २५ दिवसांनी, कधी ४२. सासूबाई म्हणतात तारीख पक्की व्हायला औषध द्या.

---

निवृत्त_सिस्टर | १४ एप्रिल, रात्री ८:०५

नको. पहिली दोन-तीन वर्षं मेंदू आणि बीजकोश यांचं जुळायला जातात, तोपर्यंत २१ ते ४५ दिवसांत कधीही आली तरी चालतं. मोजायचं पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. दोन पाळ्यांत ९० दिवसांच्या वर अंतर गेलं, तासा-दोन तासाला पॅड भिजायला लागलं, किंवा सात दिवसांच्या वर जात राहिलं तर दाखवा. या वयात सोनोग्राफी करून पीसीओडीचा शिक्का मारून घेऊ नका, वाढत्या मुलींचे बीजकोश तसे दिसतातच. आणि धाकटीचं लक्षात ठेवा: पंधरावं संपेपर्यंत सुरूच झाली नाही तर तेव्हाही दाखवायचं.

---

काळाचौकीची | १८ मे, रात्री ११:५५

उशीर झाला, पण सांगायचं होतं.

परळच्या एका सरकारी रुग्णालयात गेले. सकाळी आठला केसपेपरच्या रांगेत, दुपारी दीडला नंबर. डॉक्टर माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?" मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. तीन ओळींत संपलं. माझ्या अंगात एप्रिलच्या उकाड्यात स्वेटर होता, ऑफिसच्या एसीसाठी नेते ना, तो मी काढलाच नव्हता. त्यांनी त्याकडे बघितलं आणि तेही लिहिलं.

थायरॉइड नॉर्मल, प्रोलॅक्टिन नॉर्मल, पुरुषी संप्रेरक नॉर्मल. एलएच (०.९) आणि इस्ट्रोजेन, दोन्ही तळाला. मग दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, अस्तर तयार असेल तर या संपल्यावर पाळी येईल. दोन आठवडे थांबले. नाही आली. सिस्टर, तुमचा अंदाज बरोबर निघाला. पीसीओडी नाही.

इलाज काय, तर जेवण. सकाळी नाश्ता, डब्यात दोन पोळ्या-भात-डाळ, संध्याकाळी काहीतरी, जिम तीन महिने बंद, वजन तीन-चार किलो वाढू द्यायचं. मी म्हटलं गर्भनिरोधक गोळ्या देऊन पाळी आणता येत नाही का? त्या म्हणाल्या, रक्तस्राव येईल, पण तो गोळीचा, मेंदूचा ठोका त्याने सुरू होत नाही, आणि खरं काय चाललंय ते आपल्याला कळणारही नाही. हाडांचंही बोलल्या. या वयात हाडं भरायची असतात आणि इस्ट्रोजेन नसेल तर ती भरत नाहीत. सहा महिन्यांत सुधारलं नाही तर हाडांचा स्कॅन आणि इस्ट्रोजेनचे पॅच.

आईला सांगितलं. एवढी भीती वाटत होती, आणि ती आधी अर्धा मिनिट नुसती हसली, मग रडली. मग आजीला सांगायला लागली. आजीला ऐकू कमी येतं, म्हणजे अख्ख्या मजल्याला सांगितलं. आजी पलंगावर गवार निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "संपात माझी पण गेलेली की."

आम्हाला हे कुणालाच माहीत नव्हतं. १९८२चा गिरणी संप. आजोबा विणकामात, पप्पा पाच वर्षांचे, आजी अठ्ठावीसची. जानेवारीत संप सुरू झाला, आणि होळीपर्यंत घरात जे शिजायचं ते आधी पोरांना, मग आजोबांना. आजीची पाळी पाच महिने बंद. "पहिल्यांदा वाटलं दिवस गेले. मग वाटलं एवढ्यात आटपलं की काय माझं. कुणाला विचारणार?" पुढे पोरांना घेऊन कोकणात माहेरी गेली, तिथे दोन वेळ भाकरी-पिठलं पोटभर मिळालं, आणि भातलावणी चालू असताना चिखलात उभी असतानाच आली.

मग शेंगेचं देठ खुडून म्हणाली, "माझ्या हंड्यात नव्हतं म्हणून गं. तुझं काय?"

मला काही बोलता आलं नाही. ट्रेनरला मेसेज करून टाकला की येणार नाही.

वजन सध्या ५१.४. पाळी अजून नाही. ऑफिसात एक जण परवा म्हणाली, "जरा भरल्यासारखी दिसतेस," आणि मला रात्रीची पोळी नकोशी झाली, खोटं का सांगू. खाल्ली. आंबे चालू आहेत ते बरंय.

---

निवृत्त_सिस्टर | १९ मे, सकाळी ९:३०

आजीला माझा नमस्कार सांग. त्या काळात आमच्या सीनियर सिस्टर सांगायच्या की गिरणगावातल्या बायका अशा यायच्या, पण भुकेचं कुणी केसपेपरवर लिहायचं नाही.

गडबड करू नकोस, वजन परतलं तरी पाळीला पुढे काही महिने लागतात. आणि तुझ्यासाठी नाही, इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते: पाळी बंद आहे म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं समजू नका. परतताना बीज आधी सुटतं, पाळी नंतर दिसते.

ते पोळी नकोशी होण्याचं पुढच्या वेळी डॉक्टरांना सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांच्याकडे समुपदेशक असतात. आणि नाडी विचारली होती, ती राहिलीच.

---

काळाचौकीची | १९ मे, दुपारी २:१०

तेव्हा एप्रिलमध्ये सकाळची ५२ होती. आता सकाळची ५८.

---

निवृत्त_सिस्टर | १९ मे, दुपारी २:४०

चांगलं आहे. दर रविवारी अंथरुणातून उठायच्या आधी मोज आणि कालनिर्णयवरच लिहीत जा.

---

काळाचौकीची | १९ मे, दुपारी २:४५

लिहिते. दूधवाला हिशेबाला आला की म्हणेल, एका दिवसात ५८ लिटर कधी घेतलंत?